शीन-क़ाफ

या अंकाची अक्षरजुळणी करणाऱ्या बंधूंना सुरुवातीलाच एक विनंती. या लेखात काही ठिकाणी क आणि ख यांच्या पायाशी नुक्ता आहे, काही ठिकाणी नाही. मराठी छपाईत हा नुक्ता सहसा गळतो आणि त्याने कुणाचे काही अडत नाही. या वेळी मात्र तेवढा सांभाळावा. माझे सगळे सांगणे त्या एका ठिपक्याभोवतीच आहे.

उर्दूत ज्याचे उच्चार स्वच्छ असतात त्याच्याविषयी 'इसका शीन-क़ाफ दुरुस्त है' असे म्हणतात. शीन म्हणजे श. क़ाफ म्हणजे जिभेचे मूळ पार मागे पडजिभेपाशी टेकवून काढायचा क़. श आणि स, क़ आणि क ज्याला वेगळे काढता येतात तो शिकला-सवरलेला, खानदानी. ज्याला येत नाहीत तो गावंढळ. या मापाने मोजले तर आमचा सगळा मराठवाडा गावंढळ ठरतो. आमच्याकडे क़ चा ख़ होतो. क़लमच्या जागी ख़लम, वक़्तच्या जागी वख़त, बाक़ीच्या जागी बाख़ी. हैदराबादेकडेही हेच. मराठीत आपण 'खिमा' म्हणतो तो मूळचा क़ीमा. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत खिमा-पाव मागवणाऱ्यांना कल्पनाही नसते, पण त्या ख मध्ये बहुधा आम्ही दखनी माणसेच बसलेलो आहोत.

मी एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. २०१४ साली माझ्याकडे सहावीचा वर्ग होता. त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव इथे लिहीत नाही. तिचे वाचन ऐकत राहावे असे होते. अडखळणे नाही, बोट ठेवून वाचणे नाही. एके दिवशी धडा वाचता वाचता ती म्हणाली, ''ख़लम.'' मी थांबवले. ''ख़लम नहीं, क़लम. बोलो.'' ती म्हणाली, ''ख़लम.'' मी पुन्हा म्हणायला लावले. पुन्हा. चौथ्या की पाचव्या वेळी वर्ग हसू लागला. त्या वर्गातले एकही मूल घरी क़लम म्हणत नव्हते, पण हसले सगळे. मी हसले नाही. मला उलट समाधान वाटत होते. तालुक्याच्या शाळेत तलफ्फुजकडे इतके बारीक लक्ष देणारी शिक्षिका आहे, हे कुणी वरिष्ठांनी पाहायला हवे होते, असेच काहीसे.

त्यानंतर ती वर्गात मोठ्याने वाचेनाशी झाली. उभी केली की म्हणे, ''टीचर, गला बैठा है.'' लेखी परीक्षेत गुण चांगले पडत. सातत्यपूर्ण मूल्यमापनात प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहावी लागते. तिच्यासमोर मी लिहिले होते : 'अभ्यासात हुशार. प्रकट वाचनात आत्मविश्वासाची कमतरता.' ती कमतरता आली कुठून, हे लिहायला त्या तक्त्यात रकाना नव्हता आणि असता तरी मी तो भरला नसता.

आता माझेच सांगते. पाचवीपर्यंत मीही ख़लमच म्हणत होते. दादी म्हणे, अम्मी म्हणे, गल्ली म्हणे. पुढे एका उस्तादांनी माझ्या तोंडात क़ाफ बसवला. सहा महिने लागले. बी.एड. करायला शहरात गेले तेव्हा सूक्ष्म अध्यापनाच्या पाठानंतर निरीक्षक बाई म्हणाल्या, ''लगता नहीं के देहात की हो.'' हे वाक्य मी कित्येक वर्षे बक्षिसासारखे जपून ठेवले होते. वसतिगृहातून अम्मीला फोन करताना मात्र भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात बोलायची. खोलीतल्या मुलींच्या कानांवर माझा ख़ पडू नये म्हणून.

२०१६ साली मी दोन वर्षांची बिनपगारी रजा घेऊन पुण्यात भाषाविज्ञानात एम.ए. करायला गेले. घरात कुरकुर झाली, ती सगळ्यांच्याच घरात होते. जाण्याचे कारण सांगते, म्हणजे वाचकांना हसू येईल. मुलांचे उच्चार शास्त्रशुद्ध पद्धतीने कसे सुधारावेत हे मला शिकायचे होते. बोलण्याचे शास्त्र म्हणजे नीट बोलायला शिकवणारे शास्त्र, अशी माझी समजूत होती. माझ्या मनात एक चांगली, टिकाऊ छडी घेऊन परतायचे होते.

पहिल्याच आठवड्यात सरांनी एक सोपा खेळ घेतला. प्रत्येकाने आपल्या आईला फोनवर जसे सांगतो तसे एक वाक्य म्हणायचे : 'मी जेवले, काळजी करू नकोस.' नागालँडच्या एका मुलीने तिच्या गावच्या बोलीत म्हटले. सरांनी ते फळ्यावर लिहिले तर तिने उठून त्यांची सुराची चूक दुरुस्त केली. सर खूश झाले. कोल्हापूरच्या मुलाने त्याच्या कोल्हापुरीत म्हटले. माझी पाळी आली. मी म्हणाले, ''मैंने खाना खा लिया है, आप फ़िक्र न करें.'' सरांनी ते लिहिले आणि विचारले, ''घरी अगदी असंच बोलता?'' मी म्हणाले, ''हो.''

खोटे होते ते. अम्मीला मी सांगते, ''मैं खा ली, तुम फिकर नक्को करो.'' प्रवेश अर्जात मातृभाषेच्या रकान्यात मी 'उर्दू' लिहिले होते, तेही पूर्ण खरे नव्हते. आणि पूर्ण खोटेही नव्हते, ही आमची नेहमीची पंचाईत. या अंकाच्या वाचकांना ती वेगळी समजावून सांगायला नको. आपल्यापैकी कुणी घरी कोकणी बोलतो आणि उर्दूत शिकतो, कुणी घरी दखनी बोलतो आणि मराठीत लिहितो, आणि रकाना सगळ्यांना एकच दिलेला असतो.

मग ध्वनींचा अभ्यास सुरू झाला. हातात छोटा आरसा घेऊन आपली जीभ पाहायची. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून प म्हणायचे, मग फ म्हणायचे आणि पट्टी कधी हलते ते बघायचे. तोंडाची आडवी कापलेली आकृती : ओठ, दात, हिरडी, कठोर तालू, मृदू तालू, पडजीभ, घसा. वर्गातली मुले ही नावे पाठ करत होती आणि मी वहीत बघत बसले होते, कारण मला हे सगळे आधीच येत होते. मकतबमध्ये फज्रनंतर उस्ताद आम्हाला मखारिज शिकवत. मखरज म्हणजे अक्षर बाहेर पडण्याची जागा. उस्ताद स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून सांगत : हे घशाच्या तळातून, हे मधून, हे वरच्या टोकातून, मग जिभेचे मूळ, जिभेचा मध्य, जिभेच्या कडा, टोक, शेवटी ओठ. एकूण १७ जागा. आठ-नऊ वर्षांची आम्ही मुले डुलत डुलत ते म्हणायचो.

ग्रंथालयात शोधल्यावर कळले की हे ज्ञान केवढे जुने आहे. आठव्या शतकात बसऱ्याला खलील इब्न अहमद नावाचे विद्वान होते. त्यांनी अरबीच्या पहिल्या कोशाची रचना केली, तेव्हा अक्षरांचा रूढ क्रम सोडून घशापासून ओठांपर्यंत जाणारा क्रम लावला. पहिले अक्षर ऐन, म्हणून कोशाचे नावच 'किताबुल ऐन'. त्यांचे शिष्य सीबवैह. हे जातीचे अरब नव्हते, शिराजजवळचे इराणी होते. त्यांनी आपल्या 'अल-किताब' या व्याकरणात १६ मखारिज मांडले. आम्ही म्हणायचो ते १७ इब्नुल जझरींच्या हिशेबाने. ते १४२९ साली वारले. आणि आपली मराठी शाळेतली क-ख-ग-घ? तीही घशाकडून निघून कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य करत ओठांवर येऊन थांबते. कोणी कोणाकडून घेतले या वादात मला पडायचे नाही. मला एवढेच दिसले की मशिदीच्या ओसरीवर आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मी जे दोन क्रम घोकले होते ते एकाच वाटेने चालत होते, आणि हे मला वयाच्या तिशीजवळ येऊन कळत होते.

हे मी सरांना सांगितले. ते म्हणाले, ''उद्या तुम्ही वर्ग घ्या.'' मी पंधरा मिनिटे मखारिज शिकवले. गळ्यावर बोट ठेवून, उस्ताद ठेवत तसेच. विद्यापीठाच्या वर्गात मकतबचे नाव घेताना आवाज थोडा कापत होता. नागालँडच्या मुलीने ऐन काढायचा प्रयत्न केला, तिला ठसका लागला, सगळे हसले. ते हसणे वेगळे होते.

क़ाफकडे येते. संगणकावर आवाजाचे चित्र काढणारे 'प्राट' नावाचे एक साधन असते. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ते तयार केले, फुकट मिळते, आणि डच भाषेत या शब्दाचा अर्थच 'बोलणे'. त्यात मी माझे दोन्ही उच्चार उतरवून पाहिले. क़लममध्ये आधी कोरी जागा, म्हणजे वाट पूर्ण बंद. मग एक बारीक उभी रेघ, म्हणजे अडवलेली हवा एकदम सुटली. ख़लममध्ये कोरी जागाच नाही. सुरुवातीपासून राखाडी धुके. हवा अडत नाही, घासत राहते. फरक हवा अडवायची की घासू द्यायची, एवढाच. जागा मात्र दोन्हीची तोंडाच्या मागच्या भागात, जवळजवळ शेजारी.

हे चित्र मी किती वेळ बघत बसले होते. कारण त्याची दुसरी बाजू अशी, की उत्तरेकडची कितीतरी उर्दू बोलणारी माणसे, आणि आपण सगळे मराठी बोलताना, सरळ 'कलम' म्हणतो. तिथे हवा अडते खरी, पण जागा पुढे सरकते. म्हणजे क़ाफच्या दोन खुणांपैकी एक त्यांनी सोडली, दुसरी आम्ही सोडली. त्यांनी जागा सोडली, आम्ही रीत सोडली. 'कलम' म्हणणाऱ्याला कुणी गावंढळ म्हणत नाही. मराठीत हक्क, कलम, कबुली हे सगळे शब्द क़ सोडून आले आणि कोर्टात जाऊन बसले. माझ्या वर्गातल्या मुलीची जीभ तर माझ्या समजुतीपेक्षा क़ाफच्या जास्त जवळ जात होती.

पुढे वाचत गेले तसतसे आणखी कळत गेले. कैरोमध्ये रोजच्या बोलण्यात क़ाफ उरलेलाच नाही. तिथे क़ल्बचा उच्चार जवळपास 'अल्ब' होतो, घशात एक झटका देऊन. खाली वरच्या इजिप्तमध्ये त्याचा ग होतो, आखाती देशांतही बऱ्याच ठिकाणी ग. तेहरानच्या फारसीत क़ाफ आणि ग़ैन एकमेकांत मिसळून गेले आहेत. आणखी गंमत म्हणजे, सीबवैहने क़ाफची नोंद 'मजहूर' अक्षरांत केली आहे. मजहूर म्हणजे पुष्कळसे आजचे विद्वान ज्याला घोष म्हणतात ते. आज तिलावतीत आपण जो क़ाफ ऐकतो तो अघोष आहे. म्हणजे ज्या अक्षरावर मी एका मुलीला वर्गात पाच वेळा उभे केले, त्या अक्षराने स्वतः बाराशे वर्षांत किती घरे बदलली होती.

इथे काही वाचकांच्या मनात एक शंका येईल, ती माझ्याही मनात आली. कुरआन पढताना असे चालत नाही. क़ल्ब म्हणजे हृदय आणि कल्ब म्हणजे कुत्रा. तिथे तजवीद पाळावीच लागते. अगदी बरोबर. पण मग मला आठवले की ती मुलगी मकतबमध्ये जात होती आणि शाळेच्या प्रार्थनेत सूरह इख्लास तीच पढत असे. त्या सूरहचा पहिलाच शब्द क़ाफने सुरू होतो. तो ती नेमका काढत असे. तिच्या जिभेत काही उणे नव्हते. तिलावतीचा क़ाफ तिच्याकडे होता आणि घरचा ख़ही होता, आणि कुठे कोणता वापरायचा हे तिला पक्के ठाऊक होते. कैरोतली माणसे हेच करतात. मी मात्र तिच्या हातातला धडा तिलावत समजले होते, आणि तिने तो घरातल्यासारखा, आपला समजून वाचला होता.

दखनीबद्दल जितके वाचावे तितकी मला माझ्या लाल शाईची लाज वाटू लागली. इम्ल्यात मुले 'हाथ'ऐवजी 'हात' लिहीत आणि मी त्याखाली लाल रेघ मारी. पुढचा तास मराठीचा. तिथे तीच मुले 'हात' लिहीत आणि पूर्ण गुण मिळवत. एकाच सकाळी, एकाच मुलाचा एकच हात आधी चूक आणि नंतर बरोबर. जुन्या दखनी पोथ्यांतही तो 'हात'च आहे. आमचे 'नक्को' मराठीच्या 'नको'तून आले, आणि 'मैंच', 'अब्बीच' यांतला च हा मराठी 'मीच', 'आत्ताच'मधलाच. मुल्ला वजहीने १६३५ मध्ये 'सबरस' लिहिले ते या दखनी गद्यात. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने 'किताबे नौरस' रचली तीही दखनीत. वली १७०० साली दिल्लीला गेला आणि त्याची कविता ऐकून तिथले फारसीत लिहिणारे शायर आपल्या बोलीकडे वळले, असे उर्दूच्या इतिहासात आम्ही मुलांना शिकवतो. प्रश्नोत्तरे लिहून घेतो. आणि त्याच तासाला कुणी 'कायकू' म्हणाले की दटावतो.

उलट्या बाजूनेही एक गंमत आहे. मराठीत ज दोन. 'जरा थांब' यातला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा संस्कृत जरा. लिहायला सारखे, म्हणायला वेगळे. फारसीतून आलेले ज़मीन, ज़ोर, रोज़ हे शब्द मराठीत आले तेव्हा त्या दंत्य ज मध्ये आरामात जाऊन बसले. म्हणून आमची उर्दू शाळेतली मुले मराठीच्या तासाला 'जमीन' हा शब्द सहज आणि छान म्हणतात. त्याबद्दल त्यांना मी कधी शाबासकी दिली नव्हती. आपल्याला चूक ऐकायचा पगार मिळतो, अशीच शिक्षकाची समजूत असते.

दुसऱ्या वर्षी विल्यम लबॉव्ह यांचा १९६९ चा एक निबंध वाचनाला होता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या काळ्या मुलांना शाळेतले तज्ज्ञ 'भाषाच नसलेली मुले' म्हणत. विचारले तर एका शब्दात उत्तर, नाही तर गप्प. लबॉव्ह यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची गोष्ट सांगितली आहे. मुलाखत घेणारा माणूस हार्लेममध्येच वाढलेला, तरी मुलगा त्याच्यासमोरही तसाच, तुटक. मग त्याच माणसाने पुढच्या वेळी बटाट्याच्या कापांचे पाकीट आणले, मुलाच्या जिवलग दोस्ताला बोलावले आणि स्वतः जमिनीवर बसला. दोघे मुलगे एकमेकांना बोलूच देईनात. मुलाला भाषा होती. ती कोणासमोर काढायची हे तो ठरवत होता.

मी पुस्तक बंद केले आणि ग्रंथालयाच्या बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. 'प्रकट वाचनात आत्मविश्वासाची कमतरता.' माझेच अक्षर मला दिसत होते.

शोधनिबंधासाठी मी विषय घेतला तो आमच्या तालुक्यातल्या दखनीतला क़. त्याआधी सरांना जाऊन सांगितले की पहिल्या आठवड्यातले माझे वाक्य खोटे होते. ते म्हणाले, ''मला तेव्हाच वाटलं होतं. आईशी बोलताना इतकं सांभाळून कोणी बोलत नाही.'' आणि पुढचे कागद बघू लागले.

२०१८ च्या जानेवारीत रेकॉर्डर घेऊन गावी आले. वयस्क बायकांचे बोलणे हवे होते. फिरत फिरत त्या मुलीच्या घरी गेले. मुद्दाम गेले की ओघात गेले, हे आज नक्की सांगता येत नाही. ती तेव्हा नववीत होती. सातवीनंतर तिने मराठी माध्यमाच्या शाळेत नाव घातले होते. आजी सांगत होती, ''वहाँ तो भौत पढ़ती, मराठी में. सर लोगाँ उसीच कू खड़ा करते.'' मी ''माशाअल्लाह'' म्हणाले. उर्दू शाळेच्या शिक्षिकेला हे ऐकताना काय वाटले असेल ते वाचकांनी समजून घ्यावे. ती मुलगी चहा ठेवून आत निघून गेली. तिचा धाकटा भाऊ आमच्याच शाळेत दुसरीत होता.

आजीने संमतिपत्रावर अंगठा दिला आणि बोलायला लागली. मी खाली चटईवर बसले होते. तिचे लग्न, दुष्काळ, रजाकारांच्या दिवसांतली पळापळ, वारलेली माणसे. दखनीत क़ब्र आणि ख़बर यांचा उच्चार एकच होतो : ख़बर. ऐकणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. आजीला हे व्याकरण कुणी शिकवले नव्हते, पण तिने शेवटी जे म्हटले त्यात दोन्ही होते. ''बेटा, मरने के बाद ख़बर पो आओ नक्को आओ, अब्बी जीती हूँ तो ख़बर लेने कू आते जाओ.'' हे वाक्य माझ्या निबंधाच्या पहिल्या पानावर आहे. आजी २०२० मध्ये गेली. त्या वर्षी टाळेबंदीमुळे जनाजाला चार माणसे होती आणि कुणालाही तिच्या कुठल्याच ख़बरीला जाता आले नाही.

२०१८ च्या जूनमध्ये मी परत शाळेत रुजू झाले. छडी आणली नाही. इम्ल्यात आता 'हात'खाली लाल रेघ मारत नाही, शेजारी पेन्सिलीने 'हाथ' लिहून देते आणि सांगते की हे किताबी आहे, ते घरचे आहे, परीक्षेत कोणते लिहायचे ते माहीत असू द्या. सहकारी शिक्षकांना हे पसंत नाही. एक जण माझ्यापेक्षा वडील आहेत, त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. ते म्हणतात, ''मॅडम, तुम्हारा क़ाफ दुरुस्त है, इसलिए तुमको ख़ प्यारा लगता है. इन बच्चों को तो इंटरव्ह्यू देना है.'' खरे आहे. मला बक्षीस मिळाले होते ते क़ाफमुळेच. त्याच्या जोरावर नोकरी मिळाली, विद्यापीठ मिळाले आणि मग ख़ चे कौतुक करण्याइतकी उसंत मिळाली. म्हणून मी क़ाफ शिकवायचे सोडलेले नाही. मकतबमधल्यासारखा शिकवते, गळ्यावर बोट ठेवून, सगळ्या वर्गाला एकदम. एकेकाला उभे करून नाही. यातून किती साधते कोण जाणे. काही मुले दोन्ही काढतात, काही हसत सुटतात, एखादे मूल अजूनही गला बैठा है म्हणते आणि मी त्याला बसू देते.

त्या दिवशीच्या ध्वनिफितीबद्दल राहिलेच. आजीचे बोलणे संपले तेव्हा अस्रची वेळ झाली होती. मी नमाजसाठी मधल्या खोलीत गेले आणि रेकॉर्डर बाजेवर तसाच चालू राहिला. हे मला पुण्याला पोचून, कानाला हेडफोन लावून सगळे उतरवून घेताना कळले. आजीच्या वाक्यानंतर बराच वेळ भांड्यांचा आवाज, कोंबडीचा आवाज. मग त्या मुलीचा आवाज, आणि तिच्या भावाचा. तो धडा वाचत होता, ती शेजारी भाकरी की रोटी काहीतरी करत असावी. तो भाग मी निबंधात घेतला नाही, कारण तिची संमती घेतलेली नव्हती. संगणकावर मात्र लावून पाहिला. आधी कोरी जागा, मग बारीक उभी रेघ. माझ्या स्वतःच्या क़ाफपेक्षा स्वच्छ.

''ख़लम नहीं!'' ती म्हणते. ''क़लम! बोलो. फिर से बोलो.''

आवाज तिचा आहे, पण चाल माझी आहे. 'बोलो'वर येताना मी जसा सूर वर नेते तसाच, आणि दोन 'बोलो'च्या मध्ये मी थांबते तेवढीच थांबलेली.

''ख़लम,'' भाऊ म्हणतो.

''फिर से.''

''ख़लम.''

मग थोडा वेळ काहीच नाही. मग ती हसते.

''हौ रे, ख़लमच. चल, रोटी खा ले, ठंडी होरी.''